गुलाबी मच्छरदाणीतले निळे

माझ्या मावशीची नजर अशी, की ती येऊरच्या डोंगरावर उभी राहून खाली बाळकुमच्या कुठल्या गॅलरीतल्या कुठल्या कुंडीवर कुठलं फुलपाखरू बसलंय ते सांगायची. बायको म्हणते, एवढं फुगवू नकोस, निम्मं सांग. बरं. निम्म्या डोंगरावरून सांगायची.

मावशीने उभा जन्म ठाण्यातल्या एका शाळेत भूमिती शिकवली. त्रिकोण आणि प्रमेयांत आयुष्य गेलेली बाई निवृत्तीनंतर नातेवाइकांची लग्नं जमवत बसेल असं आम्हाला वाटलेलं. ती फुलपाखरांत गेली, आणि त्यातही निळ्यांत. निळं म्हणजे ते बशीएवढं ब्लू मॉर्मन नव्हे. ते आपलं राज्य फुलपाखरू आहे आणि वागतंही तसंच. मंत्र्यासारखं येतं, सगळ्यांनी माना वर करून बघितलं की पुढच्या कार्यक्रमाला जातं. “त्याला ओळखण्यात कसली हुशारी? ते आंधळ्यालाही दिसतं,” मावशी म्हणायची. तिचा जीव नखाएवढ्या निळ्यांवर. गवतातून जाताना पायाशी काहीतरी फडफडतं, आपण पुढे निघून जातो, ते हे.

ह्यांची गंमत अशी की निळं फुलपाखरू बसलं की निळं राहतच नाही. पंख मिटले की बाहेरून राखाडी, धुऊन धुऊन विटलेल्या बनियनसारखं. निळाई सगळी आतल्या बाजूला, जुन्या श्रीमंतांच्या कोटाच्या अस्तरासारखी. म्हणून मावशीचा पहिला धडा: निळं शोधायचं असेल तर राखाडी वाचायला शीक. त्या राखाडीवर ठिपके असतात, रेघा असतात, त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. कुणाच्या मागच्या पंखाला केसाएवढी शेपटी आणि शेपटीच्या मुळाशी काळा डोळा. बसल्या बसल्या ते मागचे पंख असे घासतं की शेपट्या मिशांसारख्या हलतात. पक्षी त्यालाच डोकं समजून तिकडे चोच मारतो, हाती पंखाचा तुकडा येतो आणि फुलपाखरू दुसऱ्या दिशेने पसार. “समोरच्याला चुकीचं टोक धरायला लावायचं,” मावशी म्हणायची, “ही खरी अक्कल. आपल्या राजकारण्यांना तरी कुठून आली असेल?”

आणि दुसरा धडा पत्त्याचा. कुणी ‘मावशी, निळं फुलपाखरू बघितलं’ म्हणालं की ती रंग विचारायचीच नाही. कुठे बसलं होतं, आसपास काय उगवलंय, हे विचारायची. कारण ह्या नखाएवढ्यांचे खाण्याचे नखरे लग्नातल्या वरपक्षासारखे. एकाच्या पोरांना, म्हणजे अळ्यांना, आंबुशीचीच पानं लागतात, दुसऱ्याची लिंबाशिवाय तोंड उघडत नाहीत. झाड सांगा, फुलपाखरू सांगते, असा तिचा हिशोब. एकदा शीळफाट्याला आमची रिक्षा अडकलेली. शीळफाट्याला अडकणं म्हणजे काय हे ठाऊक असलेल्यांना सांगायला नको. आमच्या पुढच्या रिक्षातल्या बाळाचं तिथेच बारसं झालं. तेवढ्यात मावशी रिक्षातून उतरून दुभाजकावरच्या रोपट्यांपाशी गेली आणि दोन जाती ओळखून परत आली. सिग्नल तेव्हाही लालच.

ठाण्यात फुलपाखरं बघणाऱ्यांचा एक गट होता. रविवारी सकाळी ही मंडळी डोंगरात जायची आणि मावशी त्यांच्यातली थोरली. गटातली सगळी पोरं कॉम्प्युटरवाली, गळ्यात तोफेएवढे कॅमेरे, पण निळं दिसलं की कॅमेरे खाली आणि ‘मावशी, हे काय?’ सुरू. मग तिचे गुडघे गेले. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बाळकुमचं एकटीचं घर बंद केलं आणि आम्ही तिला डोंबिवलीला, मानपाड्याला आमच्याकडे आणलं. डोंगर संपला. सुरुवातीला पोरं गटाच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकून विचारायची. पण मावशी चष्मा शोधून, फोटो मोठा करून, ठिपके मोजून उत्तर लिहीपर्यंत कुणीतरी मोबाइलच्या ॲपला विचारून नाव टाकून मोकळं झालेलं असायचं. हळूहळू तिला विचारणं थांबलं. ती संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसायची. एकदा बायकोला म्हणाली, “शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मी काही निवृत्त झाले नव्हते गं. विचारायचे थांबले की माणूस निवृत्त होतो. ते आत्ता होतंय.”

हे मी आतून ऐकलं. मी मोठ्याने टीव्ही लावला.

पण मावशी रडत बसणाऱ्यांतली नव्हती. पावसाळाभर ती वॉकर घेऊन सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायची, फिजिओथेरपी म्हणून. एक दिवस तिने गटाची म्होरकी असलेल्या मुलीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“पितृपक्षातल्या शेवटच्या रविवारी तुम्ही सगळे डोंबिवलीला या. आमच्या सोसायटीत निळे दाखवते.”

पलीकडून खाकरण्याचा आवाज. ठाणेकराला डोंबिवलीला बोलावलं की येतो तसा. “मावशी, अगं सोसायटीत काय मिळणार?”

“पाच जाती दाखवते. एक जरी कमी निघाली तर मी गटातून आपण होऊन बाहेर. मग तुम्हाला माझ्यासाठी थांबावंही लागणार नाही.”

फोन ठेवल्यावर मी कपाळाला हात लावला. “मावशी, आपल्या आवारात तीनच जाती आहेत. डास, मांजरं आणि अध्यक्ष.”

“तू बघतोस कुठे? चालतोस तेव्हा मोबाइलमध्ये, उभा राहतोस तेव्हा आरशात.”

मग तिने मला आवार दाखवलं. मी तिथे इतकी वर्षं राहतोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा आल्यासारखा हिंडलो. पाण्याच्या पंपाजवळ गळतीमुळे आंबुशी माजलेली, तिथे ग्रास ब्लू, शर्टाच्या बटणाएवढे. कुंपणाला फिक्या निळ्या फुलांच्या चित्रकाची रांग, तिच्यावर झेब्रा ब्लू. त्याच्या पंखांच्या पोटावर पट्टे असे आखलेले की मावशी म्हणाली, हा माझ्या वर्गात पहिला आला असता. तळमजल्यावरच्या लिंबाला लाइम ब्लू. जनरेटरमागे खुळखुळ्याची झुडपं उगवलेली, ज्याच्या शेंगा वाळल्या की वाजतात, तिथे पी ब्लू. तिचं बोट जिथे जाईल तिथून एक राखाडी ठिपका उडायचा आणि उडता उडता निळा व्हायचा. मी खरंच सांगतो, त्या दिवशी मला आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स स्वस्त वाटला.

पाचवा होता प्लेन्स क्युपिड, आणि त्याचा पत्ता होता फाटकाशी लावलेले दोन सायकस. एखाद्या माडाने वाढायचा कंटाळा करून जमिनीवरच बसकण मारली तर जसा दिसेल तसा सायकस दिसतो. त्याला अधूनमधून कोवळ्या पानांचा झुबका फुटतो आणि हे निळं नेमकं त्या कोवळ्या पानांवर अंडी घालतं. बाहेर आलेल्या अळ्या पानं कुरतडतात आणि अंगातून गोड रस सोडतात. त्या रसासाठी मुंग्या अळ्यांची राखण करतात, गवळ्यांनी म्हशी राखाव्या तशा.

पण हे दोन सायकस आमच्या अध्यक्षांचे होते. म्हणजे जमीन सोसायटीची, माती सोसायटीची, पाणी सोसायटीचं, पण जीव अध्यक्षांचा. मूळचे साताऱ्याकडचे, कारखान्यातून निवृत्त, मिशी अशी की तिच्यावर दोन कावळे समोरासमोर बसून गप्पा मारतील. आधीच्या वर्षी गणपतीच्या तोंडावर सायकसची नवी पानं कुणीतरी चाळणी करून टाकलेली, हे त्यांच्या काळजाला लागलेलं. यंदा पालवी फुटली आणि त्यांनी गणपती बसायच्या आदल्या दिवशी उजवीकडच्या सायकसवर स्वतःच्या लग्नातली डबलबेडची मच्छरदाणी चढवली. गुलाबी, नायलॉनची, झालर असलेली. खालून विटा लावून बंद केली. फाटकाशी नवरी बसवल्यासारखं दिसत होतं. एका भाडेकरूने येताना नमस्कारही केला.

डाव्या सायकसला मच्छरदाणी नव्हती, कारण अध्यक्षांचं लग्न एकदाच झालेलं.

मावशी वॉकर टेकत त्यांच्याकडे गेली. “अध्यक्ष, हे काढा. फुलपाखरं आत कशी जाणार?”

“आवो बाई, जाऊ नयेत म्हणून तर घातलीय!”

“पण माझे पाहुणे यायचेत ती बघायला.”

“पाव्हनं माझा सायकस बघतील की. ह्या टायमाला पान न् पान शाबूत ऱ्हाईल, बघा तुम्ही.” आणि त्यांनी फर्मान काढलं की मच्छरदाणीला कुणी हात लावायचा नाही, आत हवासुद्धा विचारून गेली पाहिजे. ते स्वतः चौथ्या मजल्यावरून रोज खाली बघून समाधान मानायचे. वरून दिसायची ती फक्त गुलाबी झालर.

मावशी हिरमुसून परतली. पण विसर्जन झाल्यावर एका सकाळी ती मच्छरदाणीपाशी बराच वेळ वाकून उभी राहिली, आणि वर आली ती गालात हसत.

“डावीकडच्यावर आता एकही मुंगी नाही, पण इकडे मुंग्यांची रांग विटांच्या फटीतून आत चाललीय,” ती म्हणाली. “मुंगी रिकाम्या गोठ्यात जात नाही. मच्छरदाणी घालायच्या आधीच अंडी पडलेली आहेत. ह्या माणसाने चोराला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावलंय.”

“मग सांगायचं त्यांना?”

“वेडा आहेस का? औषध मारतील.” मग तिचा चेहरा बदलला. “आता प्रश्न एवढाच, की कोषातून कधी निघतात. रविवारी निघाले तर माझे. सोमवारी निघाले तर कुणाचेच नाहीत.”

बाकीचे चार निळे खिशात होते म्हणून मी निर्धास्त होतो. शनिवारी सकाळी आवारातून घर्रर्र असा आवाज आला. मी गॅलरीत गेलो आणि बघतो तर काय, आमचं आवार मुंज लागलेल्या बटूच्या डोक्यासारखं तुळतुळीत! आंबुशी नाही. चित्रकाचं कुंपण गुडघ्यापर्यंत छाटलेलं, एक फूल शिल्लक नाही. खुळखुळा साफ. तळमजल्यावरच्या लिंबाचीसुद्धा हजामत. मधोमध अध्यक्ष कमरेवर हात ठेवून, विजयी.

मावशी खिडकीशी आली. पंपापासून जनरेटरपर्यंत एकेक जागा ती नजरेने मोजत गेली.

“कसं वाटतंय, बाई?” अध्यक्ष खालून ओरडले. “ठाण्याचं पाव्हनं येनार न्हवं का उद्या! जंगल बघून काय म्हनलं असतं आपल्याला?”

आता ह्या माणसावर रागवायचं कसं? त्याने तिच्या पाहुण्यांसाठी सकाळपासून घाम गाळलेला. मावशी तेवढंच म्हणाली, “फार कष्ट घेतलेत,” आणि मागे वळून पलंगावर बसली. पाचापैकी चार गेले होते. उरलेला एक गुलाबी मच्छरदाणीत होता आणि तोही कोषात.

एवढ्यावर भागलं नाही. थोड्या वेळाने फाटकाशी औषध फवारणारा आला, पाठीवर पंप लावून. मुंग्या फार झाल्यात, सायकसच्या मुळाशी मारून टाक, असं अध्यक्ष त्याला सांगताना ऐकू आलं. मी वळून बघतो तो मावशी पलंगावर नाही. वॉकर तिथेच. दार उघडं. ऑपरेशननंतर जी बाई न्हाणीघरापर्यंत आधाराशिवाय गेली नव्हती, ती लिफ्टसाठीही थांबली नाही. एक मजला उतरून ती अशी चालत गेली की तिच्या वाऱ्याने वाळत घातलेले कपडे उडाले असावेत. मी मागे धावलो.

“थांबा!” तिने शाळेतला आवाज काढला. फवारणारा थांबला. अध्यक्ष थांबले. रस्त्यावरून जाणारी एक रिक्षाही थांबली.

“अध्यक्ष, तुमच्या वडिलांची तिथी झाली?”

“झाली की. परवाच. का वो?”

“पानाभोवती घास काढलेत ना? गाईला, कावळ्याला, कुत्र्याला. आणि?”

अध्यक्षांनी डोकं खाजवलं. “आणि… मुंग्यांस्नी.”

“परवा मुंग्यांना घास घातलात, आणि आज, पंधरवडा संपलेला नसताना, त्याच मुंग्यांवर विष?”

अध्यक्षांची मिशी दोन्ही बाजूंनी खाली आली. त्यांनी सायकसकडे बघितलं, मुंग्यांच्या रांगेकडे बघितलं, आणि त्या रांगेत कुणीतरी ओळखीचं दिसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “जा रे बाबा तू,” ते फवारणाऱ्याला म्हणाले. “घटस्थापना झाल्यावर ये.”

वर आल्यावर मी म्हणालो, “मावशी, तू तर श्राद्ध-पक्ष काही मानत नाहीस.”

“मी कुठे मानते म्हणाले? मी फक्त प्रश्न विचारले,” ती म्हणाली आणि गुडघ्यावर बर्फ ठेवायला सांगितलं. तो बर्फ मात्र संध्याकाळपर्यंत पुरला नाही.

रविवारी गट आला. म्होरकी मुलगी, तोफ-कॅमेरावाला एक उंच मुलगा आणि बाकीची मंडळी. सगळ्यांनी आवारावरून नजर फिरवली. तासलेली माती, छाटलेलं कुंपण. मुलगी हळूच म्हणाली, “मावशी, अगं ठीक आहे गं. तुला भेटायला आलो, ते महत्त्वाचं.” हे ती इतक्या प्रेमाने म्हणाली की मी चपलेने उगाच माती सारखी करत राहिलो. त्या प्रेमात निरोप होता.

“इकडे या,” मावशी म्हणाली आणि मच्छरदाणीपाशी घेऊन गेली.

फाटकाशी अजून इमारतीची सावली होती. जाळीला आतून काहीतरी चिकटलेलं होतं. राखाडी, मिटलेलं, निपचित. बरंच काहीतरी. उंच मुलाने डोळे बारीक केले. “पतंग आहेत का हे? की डोंबिवलीचे डास?” कुणीतरी खिदळलं. मावशी त्या राखाडीकडे बघत नव्हती, बी विंगच्या गच्चीकडे बघत होती.

मग ऊन गच्चीवरून उतरलं, फाटकावर आलं, गुलाबी जाळीवर पडलं. आधी एकाने पंख उघडले. मग शेजारच्याने. आणि मग आतून कुणीतरी कळ दाबावी तसे सगळे उघडत गेले. लाख होते. बायको म्हणते शंभरही नसतील. नसू देत. पण गुलाबी जाळीच्या आत, काळ्या बारीक काठाचे ते सगळे निळे एकदम उघडले तेव्हा तिथे कुणी श्वास घेतला असेल तर त्याने हात वर करावा. तोफवाल्याची तोफ गळ्यात तशीच लोंबत राहिली. मी नास्तिक माणूस, चप्पल काढून उभा होतो.

सर्वांत आधी ॲप भानावर आलं. मुलाने मोबाइल धरला, म्हणाला, “मावशी, हे ग्राम ब्लू दाखवतंय.”

“त्याला विचार, ग्राम ब्लूची पोरं काय खातात.”

“शेंगावाले वेल. उडीद, चवळी…”

“आत चवळी दिसतेय कुठे?”

“नाही. सायकस आहे.”

“आता ते मिटलेलं बघ. तुझ्या नाकासमोरचं. मागच्या पंखाच्या मुळाशी काळे ठिपके, पांढऱ्या कड्यांतले, आडवी पूर्ण ओळ. ग्रामची ओळ अशी भरत नाही. शेपटी दोघांनाही आहे, डोळेही दोघांना, म्हणून तिथे बघून फसायचं नाही. प्लेन्स क्युपिड.” तिने पदर सावरला. “बाकीचे चार कालपर्यंत होते. दाखवू शकत नाही. पाच म्हटले होते, एकच निघाला. शब्द दिला तो दिला. मी बाहेर.”

तेवढ्यात अध्यक्ष आले, इस्त्रीच्या सदऱ्यात. गर्दी बघून त्यांना वाटलं सगळे सायकसच बघतायत. जवळ येऊन त्यांनी आत डोकावलं. आत नवी पानं नव्हती, नुसते दांडे, मासा खाऊन उरलेल्या काट्यासारखे.

“आवो… ह्ये… कुनी?”

“अध्यक्ष, डावीकडचा बघा,” मावशी मृदूपणे म्हणाली. डावीकडच्या उघड्या सायकसची निम्मीअधिक पानं हिरवीगार होती. “उघड्यावर सरडे आहेत, गांधीलमाश्या आहेत, चिमण्या आहेत. त्यांनी अळ्या वेचल्या. इकडे तुम्ही पानांच्या राखणदारांनाच बाहेर ठेवलंत. पण काळजी नको. झाड मरत नाही. पुन्हा पालवी फुटते.”

अध्यक्षांनी दांड्यांकडे बघितलं. मग निळ्यांकडे. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. “माज्या लग्नाच्या मच्छरदानीत,” ते म्हणाले, “येवढं चांगलं काय आजवर झालं न्हवतं.” आणि स्वतःच्या हाताने एकेक वीट बाजूला करून त्यांनी झालर उचलली.

निळे एकदम बाहेर गेले नाहीत. थोडे थोडे, जाळीच्या कडेवरून, अध्यक्षांच्या मिशीजवळून, पोरांच्या खांद्यांवर टेकत निघाले. एक घामातल्या मिठासाठी मावशीच्या मनगटावर बसला. ती वर्गात उभी राहायची तशी ताठ.

“कोण बाहेर?” म्होरकी मुलगी एकदम म्हणाली, जणू ते वाक्य तिच्यापर्यंत आत्ता पोचलं. “मावशी, तू गप्प बस हं. हे बघ, माझ्याकडे जूनपासूनचा एक फोटो आहे. ॲप तीनदा तीन नावं सांगतं.” तिच्या मागून उंच मुलाने कॅमेरा पुढे केला, “माझं आधी, माझं येऊरचं आहे.” “अरे ए, रांगेत ये ना!” “मावशी, हे पोटावरचे ठिपके बघ ना गं.” अध्यक्षांनी खुर्ची आणली. बायकोने वरून हाक मारली की पोहे गार होतायत. पोहे गार झाले, परत गरम केले, परत गार झाले. मी तर म्हणेन, दुपारचं जेवणही गार झालं.

निघताना मुलगी फाटकात थांबली. “मावशी, रात्री अजून दोन टाकते ग्रुपवर. सांगशील?”

“मला वेळ लागतो बघायला,” मावशी म्हणाली. “लगेच नाही होणार.”

“थांबू की,” मुलगी म्हणाली, आणि ती रिक्षात बसली.